छत्तीसचा आकडा

सुरुवात झाली चिक्कीने. टीममधलं कुणी वीकेंडला लोणावळ्याला जाऊन आलं की सोमवारी फ्लोअरवर चिक्कीचं पाकीट फिरणार, हा आमच्या ऑफिसचा अलिखित नियम. मी एक तुकडा तोंडात टाकला, डावीकडे चावला आणि थेट कानापर्यंत अशी कळ गेली की समोरच्या एक्सेल शीटमधले आकडे दोन सेकंद दिसेनासे झाले. मग हळूच जीभ फिरवून पाहिली. खालच्या डाव्या दाढेत खड्डा! जिभेला तोंडातली प्रत्येक गोष्ट मोठीच वाटते हे मान्य, पण हा खड्डा चक्क भर पावसाळ्यातला वाटत होता.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेईल. मी काय केलं? डावीकडे चावणं बंद केलं. उजवी बाजू आहे ना, मग झालं तर!

असे तब्बल आठ महिने काढले. मोबाइलच्या स्क्रीनला एवढीशी चीर पडली तर मी त्याच संध्याकाळी दुकानात उभी असते. दाढेच्या बाबतीत मात्र माझ्याकडे कारणांचा स्टॉक तयार होता. आम्ही राहतो ठाकुर्लीला. ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे सकाळी स्लो पकडून ठाणे, पूल चढून ट्रान्स-हार्बरचा प्लॅटफॉर्म, मग दिघा गाव, मग ऐरोली. संध्याकाळी हेच सगळं उलट. घरी पोचेपर्यंत साडेआठ. शनिवार? शनिवार झोपायला असतो हो! आणि आमच्या मेडिक्लेममध्ये फिलिंग बसत नाही, हे कारण तर मी स्वतःलाच इतक्यांदा सांगितलं होतं की ते मला पाठ झालं होतं.

खरं कारण वेगळंच. मला त्या मशीनच्या आवाजाची भीती वाटते. लहानपणी आईबरोबर एकदा दवाखान्यात बसले होते, तेव्हा आतून आलेला तो 'झूंऽऽऽ' अजून डोक्यात आहे. एकोणतीस वर्षांच्या टीम लीडला हे कुणापुढे कबूल करता येतं का? म्हणून मेडिक्लेम.

यातला मोठा विनोद पुढेच आहे. मी बी.कॉम. केलं डोंबिवलीच्या पेंढरकर कॉलेजातून. ज्यांच्या नावाचं हे कॉलेज आहे ते के. व्ही. पेंढरकर म्हणजे विको वज्रदंतीवाले. १९५२ साली मुंबईत त्यांनी दंतमंजनाचा धंदा सुरू केला आणि पुढे विकोचा कारखाना आमच्या डोंबिवलीतही आला. हे मंजन आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावरून कंपनी आणि एक्साइज खातं यांच्यात वर्षानुवर्षं खटला चालला, पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. म्हणजे दातांसाठी माणसं सुप्रीम कोर्टात जातात आणि मी जिना चढून पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात जात नव्हते. मंजनाची काहीच चूक नाही. रात्री अकरा वाजता मोबाइल बघता बघता बिस्किटं खाऊन तशीच झोपणारी मी.

शेवटी निकाल लागला तो लेडीज डब्यात. परतीची गाडी, कोपर सोडलेलं, मैत्रिणीने सुक्या भेळेची पुडी पुढे केली. खाताना काहीतरी कडक लागलं. मला वाटलं, न फुललेला कुरमुरा असेल. हातावर घेऊन पाहिलं तर माझ्याच दाढेचा कोपरा! पांढरा, टोकदार, आतल्या बाजूने चॉकलेटी. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तुझं आहे?" मी तो तुकडा तिकिटाच्या पाकिटात ठेवला. का ठेवला, ते आजही सांगता येणार नाही. आणि ठाकुर्लीला उतरून घरी न जाता थेट दवाखान्यात गेले.

डॉक्टर माझ्याच वयाच्या. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. "गोड किंवा गार खाल्लं की दुखतं?" हो. "लगेच थांबतं की दुखत राहतं?" थांबतं. "रात्री झोपेतून उठवतं?" नाही. प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचा चेहरा जरासा मोकळा होत होता. मग तोंडात एक छोटंसं चौकोनी सेन्सर धरून एक्स-रे काढला आणि समोरच्या स्क्रीनवर माझी दाढ मोठ्ठी दिसली. आत नस असते ती पोकळी आणि तिच्या दिशेने निघालेला एक काळपट डाग. दोघांच्या मध्ये पट्टी होती ती अगदी पातळ.

"ही भिंत अजून उभी आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून फिलिंगवर भागेल असं वाटतंय. साफ करताना नस उघडी पडली तर मात्र रूट कॅनाल. आत गेल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही."

केसपेपरवर त्यांनी लिहिलं: ३६. मी विचारलं, हे काय? तर दातांचे नंबर असतात म्हणे. तोंडाचे चार भाग, डावीकडचा खालचा तिसरा, आणि मधल्या रेषेपासून मोजत सहावा दात. तीन-सहा. म्हणजे माझं आणि माझ्या दाढेचं नातं ऑफिशियली छत्तीसच्या आकड्याचं होतं! ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुधाचा एकही दात न पाडता, मागून गुपचूप. त्यामुळे बऱ्याच घरांत तिला दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. कायमच्या दातांपैकी सगळ्यात आधी कामाला लागणाऱ्यांपैकी ती एक. म्हणजे माझी ही बिचारी गेली तेवीस वर्षं ड्यूटीवर होती.

"पण मला आठ महिन्यांत एवढंच कसं दुखलं?" मी विचारलं. माझ्या मते हा माझ्या बाजूचा मुद्दा होता. डॉक्टरांनी तोच माझ्यावर उलटवला. दाताचं वरचं कवच, एनॅमल, म्हणजे शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू, पण त्यात नस नाही. ते विरघळत असतं तेव्हा काहीही कळत नाही. कीड खालच्या थरात, डेंटिनमध्ये उतरली की शिवशिवायला लागतं. आणि हाडासारखं एनॅमल पुन्हा भरून येत नाही. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा जो आपला फंडा असतो ना, तो दातांना लागू नाही.

मग माझ्या चहाचा हिशेब निघाला. दिवसाला किती? सहा. साखर? मशीनचा, म्हणजे असतेच. प्यायला किती वेळ? इथे मी जरा अडखळले, कारण एक कप मी मीटिंगभर पुरवते. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्लता एका पातळीच्या पुढे गेली की एनॅमल विरघळायला लागतं, आणि मग लाळेला ती खाली आणायला अर्धा तास तरी लागतो. तोवर पुढचा घोट! म्हणजे एका बैठकीत खाल्लेल्या दोन जिलब्यांपेक्षा दिवसभर रेंगाळणारा चहा वाईट. हे कळल्यावर मला जिलब्यांचं फार वाईट वाटलं. किती वर्षं उगाच टाळल्या.

'कीड' हा शब्द मात्र मजेशीर आहे. आपण 'दाताला कीड लागली' असं इतकं सहज म्हणतो, पण माझ्या आजीच्या लेखी ती खरीखुरी कीड होती, वळवळणारी. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात दात ठणकला की निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकून तो धूर तोंडात घ्यायचे. किडे खाली पडतात म्हणे. युरोपातही शेकडो वर्षं खुरासनी ओव्याच्या बियांची अशीच धुरी द्यायचे. त्यांचे ते 'किडे' म्हणजे उष्णतेने बी फुटून बाहेर आलेले कोंब, हे नंतर लोकांच्या लक्षात आलं. दाताच्या किड्याची ही समजूत चुकीची आहे, असं फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं. आम्लाचा सिद्धांत विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडला. आजीपर्यंत दोघेही पोचले नव्हते. माझ्यापर्यंत पोचले होते, त्याचा तरी काय उपयोग झाला?

अपॉइंटमेंट शनिवारची. होय, झोपायच्या शनिवारची. शुक्रवारी रात्री ऑफिसच्या डेडलाइनलाही येत नाही असं टेन्शन आलं. नस उघडी पडली तर? रूट कॅनाल, वर कॅप, चार-पाच फेऱ्या आणि फिलिंगच्या कितीतरी पट बिल. झोप येईना म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले आणि एक भलतीच माहिती हाती लागली. बलुचिस्तानात मेहरगड नावाची जागा आहे. तिथल्या साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीत नऊ माणसांचे अकरा दात सापडले, भोकं पाडलेले. गारगोटीचं टोक लावलेल्या ड्रिलने, जिवंतपणी. २००६ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. भोकांच्या कडा झिजलेल्या होत्या, म्हणजे त्यानंतरही ती माणसं त्या दातांनी जेवत होती. बधिर करायचं इंजेक्शन नाही, काही नाही. (आपण टोचून घेतो ते लिग्नोकेन स्वीडनमध्ये शोधलं गेलं ते १९४३ साली.) म्हटलं, नऊ हजार वर्षांपूर्वीच्या बाईने गारगोटी सहन केली, तर आपल्याला एसी दवाखान्यात काय धाड भरली आहे?

इंजेक्शन टोचलं ते मुंगी चावल्यासारखं. नंतर छातीत जरा धडधडलं. त्यात अ‍ॅड्रिनॅलिन असतं, दोन मिनिटांत थांबेल, असं डॉक्टर म्हणाल्या आणि तसंच झालं. मग खालचा ओठ अर्धा गायब. हनुवटी कुणा दुसऱ्याची. आणि मग तो आवाज.

तुम्हाला खरं सांगते, आवाज लहानपणी होता तेवढाच वाईट आहे. पण तेवढंच. मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे घेणारं ते यंत्र दाढेवर टेकतं तेव्हा दुखत काहीच नाही, नुसती थरथर आणि पाण्याचे तुषार. आणि जळल्यासारखा एक वास, नखं कापसासारखी जळाली तर येईल तसा. डॉक्टरांनी डावा हात वर करायची खूण ठरवून दिली होती: "हात वर केलात की मी थांबणार." मी एकदा उगाचच करून पाहिला. त्या खरंच थांबल्या. त्यानंतर मला त्याची गरज पडली नाही.

खोलवर पोचल्यावर त्यांनी मशीन ठेवून दिलं आणि चमच्यासारख्या एका बारीक हत्याराने मऊ झालेला भाग खरवडायला घेतला. इथून पुढे खोलीत कुणी बोलेना. असिस्टंटने लाळ ओढणारी नळी धरलेली. मी छतावरचे दिवे मोजत होते. सहा. परत मोजले. सहाच. नस उघडी पडली तर लाल ठिपका दिसतो, हे मला रात्रीच्या वाचनाने सांगून ठेवलं होतं, आणि मी डॉक्टरांच्या चष्म्याच्या काचेत तो लाल ठिपका शोधत होते. मूर्खपणाच, दिसणार काय होतं तिथे!

"वाचली," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं मग ब्यूटी पार्लरसारखं. तळाला औषधाचा पातळ थर. निळी जेल, ते चक्क आम्ल, कडा खरबरीत करायला, म्हणजे सिमेंट धरतं. धुवा, सुकवा, बाँड लावा. मग दाताच्या रंगाचं काँपोझिट थोडं थोडं भरायचं आणि दर थरावर निळ्या दिव्याचा प्रकाश धरायचा. त्या प्रकाशानेच ते कडक होतं. ही कल्पना तशी तरुण आहे. राफेल बोवेन या अमेरिकन संशोधकाला त्यासाठीच्या रेझिनचं पेटंट मिळालं ते १९६२ साली. शेवटी दातांत निळा कागद धरून "चावा, घासा" केलं, उंच राहिलेला भाग घासला आणि आरसा हातात दिला. खड्डा कुठे होता ते मलाच ओळखू येईना. चाळीस मिनिटं. पंधराशे रुपये, यूपीआयने. आठ महिने मी ज्याला घाबरत होते ते एका सिनेमाच्या इंटरव्हलपर्यंतही टिकलं नाही.

जिना उतरताना मोबाइलचा कॅमेरा उघडून ओठ जागेवर आहे ना ते पाहिलं. होता.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी. पण त्या रात्री जेवायला बसलो. बधिरपणा उतरला होता, तरी दाढ हुळहुळत होती, म्हणून मी उजवीकडून, सावकाश, चपातीचे तुकडे आमटीत भिजवून खात होते. आई हसली. "बघा, अगदी तुमच्यासारखी जेवतेय."

मी मान वर करून बाबांच्या ताटाकडे पाहिलं. भाकरी आमटीत कुस्करलेली. काकडीची कोशिंबीर, पण किसून. पेरू नाही, केळं. हे सगळं मी कित्येक वर्षं रोज बघत होते आणि मला वाटायचं, बाबांना असंच आवडतं. कोकणातला माणूस, भिजवून खायची सवय असेल.

"बाबा, तुमच्या किती दाढा आहेत?"

"आहेत की," ते म्हणाले. "तू जेव."

नंतर, आईला झोप लागल्यावर, गॅलरीत त्यांनी सांगितलं. ते १९८५ साली चोळेगावात खोली घेऊन राहायला आले, तेव्हा रेल्वेचं चोळ्याचं पॉवर हाऊस अजून चालू होतं. पुढच्याच वर्षी एक दाढ दुखायला लागली. कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, मुंबई सेंट्रलला नायरच्या डेंटल कॉलेजात जा, महापालिकेचं आहे, पैसे फार लागत नाहीत. (१९३३ पासूनचं कॉलेज ते.) सुट्टीच्या दिवशी गेले, शिकणाऱ्या मुलांनी चांदी भरून दिली. ती चांदी आजही आहे. त्यांनी टॉर्च लावून दाखवलीसुद्धा, काळपट, पण जागच्या जागी. बाकीच्या दाढा मात्र पुढे एकेक करून गेल्या. त्या भरायला दिवस मोडायचा, पगार कापला जायचा, आणि तोवर मी झाले होते, मग दादा, मग या फ्लॅटचं कर्ज. दुखली की स्टेशनजवळ कुणाकडे तरी जाऊन काढून यायचे. काढायला दहा मिनिटं आणि भरायच्या मानाने निम्मे पैसे. "काढली की प्रश्न मिटतो ना," बाबा म्हणाले.

आताही एक दुखत होती. पाच महिने. हा आकडा ऐकून मी काही बोलू शकले नाही, कारण माझा त्याहून मोठा होता. फरक एवढाच की मी घाबरत होते आणि ते हिशेब करत होते. कवळी बसवायची तर सगळे एकदम काढून टाकू, असा त्यांचा प्लॅन होता. एका खर्चात काम.

पुढचे दोन आठवडे मी त्यांच्या मागे लागले. "आता या वयात?" झालं. "तुझे पैसे नकोत" झालं. शेवटी मी तिकिटाच्या पाकिटातला तो दाढेचा तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. कशासाठी ठेवला होता ते तेव्हा कळलं. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला, चॉकलेटी बाजू उजेडात धरली आणि विचारलं, "शनिवारी किती वाजता असतात त्या?"

डॉक्टरांनी त्यांचे एक्स-रे पाहिले. एक दाढ काढावी लागेल, मुळंच उरली होती. जी दुखत होती ती उपदाढ मात्र भरून वाचेल. आणि नायरची चांदी? बाबांनी स्वतःहून विचारलं, ती काढून पांढरं भरायचं का? त्यांनी पेपरात वाचलं होतं, त्यात पारा असतो. असतो, जवळपास निम्मा. पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता करारात भारतही आहे, आणि युरोपियन युनियनने तर १ जानेवारी २०२५ पासून असं फिलिंग जवळजवळ बंदच केलं. "पण जुनं, घट्ट बसलेलं उगाच उकरायचं नसतं, काका," डॉक्टर म्हणाल्या. "कोणीतरी फार मन लावून भरलंय हे. राहू दे." बाबांना याचा इतका आनंद झाला की विचारू नका. जणू त्यांनीच भरली होती!

मग ते आत गेले आणि मी बाहेरच्या सोफ्यावर, मांडीवर त्यांचा चष्मा आणि कापडी पिशवी घेऊन बसले. आतून आवाज सुरू झाला. झूंऽऽऽ. समोर एक शाळकरी मुलगी आईला चिकटून बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला हात वर करायची खूण दाखवली, डॉक्टर थांबतात असं सांगितलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

पाऊण तासाने बाबा बाहेर आले. शर्टाच्या कॉलरवर पाण्याचे थेंब. मी चष्मा पुढे केला, तो घेतला नाही. डाव्या हाताने हनुवटी चाचपत, अर्ध्या तोंडाने म्हणाले, "अगं, ओठ आहे ना माझा जागेवर?"